पायाची माती

३ नोव्हेंबर

महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं काम सोडलं. मालक म्हणाला, "अरे, हंगाम आत्ता कुठं सुरू होतोय." मी म्हणालो, "माझा संपला." त्याच्या आधी गोव्याचं हॉटेल सोडलं, त्याच्या आधी तिरुपूरची बनियनची गिरणी, त्याच्याही आधी पुण्यात घरोघर पार्सलं पोचवणं. एका जागी राहिलो की माझ्या पोटऱ्यांत मुंग्या येतात. आई म्हणायची, हा पोटात होता तवाच चालत होता. आटपाडीकडचे धनगर आम्ही. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी माघारी यायचं. शाळा वाटेत जेवढी भेटली तेवढी शिकलो. चौथी एका गावात, पाचवी कुठल्याच गावात नाही.

पसरणीचा घाट चालत उतरलो. हातात चाती फिरत होती, लोकरीचं सूत निघत होतं. नुसतं चालणं मला जमत नाही, हाताला काहीतरी लागतं. एक गाडी पुढं जाऊन थांबली. बाई उतरल्या. पन्नाशीच्या असतील, केस आखूड, नखांत माती.

"चालता चालता लोकर कातता तुम्ही?"

"बसून काततात ती म्हातारी माणसं," मी म्हणालो.

त्या हसल्या. नाव उमा. शिल्पं करतात. म्हणाल्या, "माझ्याबरोबर काम करशील?"

"काय काम?"

"हेच. चालायचं."

असली नोकरी मी आयुष्यात ऐकली नव्हती. गाडीत बसलो.

५ नोव्हेंबर

उमाताईंची शेड वाईच्या पुढं नदीकाठाला आहे. पत्र्याची, उंच. पूर्वी त्यात हळद साठवायचे, अजून वास येतो. स्वयंपाकाला राहीबाई, माण तालुक्यातल्या. फाटकावर गंगाधरकाका, पलूसचे कुंभार. दोघांनीही पूर्वी ताईंच्या जोडीनं काम केलं आणि मग इथंच राहिले. ताई एकट्यानं शिल्प करत नाहीत. प्रत्येक वेळी कुणीतरी जोडीला. खालच्या पाटीवर दोघांची नावं, जोडीदाराचं आधी. "मला एकटीला काही येत नाही रे," म्हणाल्या. इतकं नाव असलेली बाई असं मोकळं सांगते हे आवडलं.

कोपऱ्यात माणसाएवढा मातीचा रांजण आहे, तोंड निमुळतं. राहीबाईंच्या जोडीनं केलेला. नाव 'गळा'. वारा आला की गुणगुणतो. मी कान लावून ऐकला. साधा वारा घुमतो तसं नाही ते. जात्यावर ओवी म्हणताना बाईला दम लागला की ती मध्येच थांबते आणि परत धरते, तसं आहे.

राहीबाईंना विचारलं, "मावशी, तुमी गाता व्हय?"

"गात हुते."

"मग म्हना की येक."

त्यांनी कुकरला शिट्टी लावली. "तिकडं चाललंय की. आयक."

७ नोव्हेंबर

कामाची रीत कळली. नदीच्या गाळाची ओली पट्टी आहे, तिच्यावरून मी चालायचं, चाती फिरवत. मागनं ताई खुरपं आणि घमेलं घेऊन येतात. माझं पाऊल उमटलं की तेवढी माती अलगद खरवडून घेतात. एक पाऊल सोडत नाहीत. ती माती शिल्पाच्या मातीत मळायची. मी काढलेल्या सुताची दोरी वळून लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर गुंडाळायची, तिच्यावर माती चढवायची. चालणारा माणूस होणार आहे. डोकं नाही. पाठ, खांद्यावर घोंगडं, पाय.

मी म्हणालो, "आवं ताई, आमच्यात पायाची माती दुसऱ्याच्या हातात जाऊ देत न्हाईत. करणी करत्यात म्हनं."

"तुझा विश्वास आहे?"

"छ्या. करनाऱ्याला मी सापडाय तर पायजे."

दोघंही हसलो. राहीबाई भाकरी थापत होत्या, त्या हसल्या नाहीत. नंतर पाण्याचा तांब्या देताना म्हणाल्या, "बिरू, चाललास की मागनं पाय घासून पुसत जा रं."

"ताईंना माती लागत्या की."

"लागत्या म्हनूनच म्हंते."

म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात भुतं दिसतात.

१० नोव्हेंबर

आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन.

"कुटं हाईस?"

"वाईला."

"काय करतुयास?"

"चालतोय."

"चालाय पगार देत्यात?"

"देत्यात."

"आरं गाढवा, मग हितं फुकट चालत हुतास तवा काय काटं टोचत हुतं?"

मग हसायचं थांबले. आबांचा गुडघा गेलाय. चुलतभाऊ दादासो बरोबर आहे, पण तो मागचा माणूस. मेंढरांना पुढं एक माणूस लागतो. त्याची चाल ओळखीची असली तरच ती त्याच्या मागं जातात. कुणाच्याही मागं जात नाहीत. आधी आबा होते, मग मी होतो, मी पळाल्यावर परत आबा.

"उंब्रजपातुर मी ओढत आनतो. म्होरं कुंभार्लीचा घाट माझ्यानं हुनार न्हाई. तू आलास तर खाली उतरू. न्हाईतर उंब्रजलाच इकून टाकतो सगळी."

विकून टाकतो हे आबा असं म्हणाले जसं दुसऱ्याच कुणाचं काही सांगतायत. मी म्हणालो, "येतो." डिसेंबरच्या पाच तारखेला उंब्रज. आबा म्हणाले, "मानसं वाट बघत्यात, पर मेंढरं वाट बघत न्हाईत." फोन ठेवल्यावर मला शेडमध्ये बसवेना. नदीकाठानं धोमच्या धरणापर्यंत जाऊन आलो. घाट, घाटातला गार वारा, खाली उतरल्यावर तो दमट वास, सगळं आठवलं. मी इतकी गावं फिरलो, पण फिरायचं शिकलो ते तिथं. आता ताईंना सांगायला पाहिजे की लवकर उरका.

११ नोव्हेंबर

सांगितलं. ताई म्हणाल्या, "पाच तारखेलाच मला हे सांगलीला प्रदर्शनाला न्यायचंय. उंब्रजवरूनच जायचं. ट्रकमध्ये बस, तिथं उतर." किती सोपं झालं. ताईंचं काम आणि आबांचं काम एका वाटेवर आलं.

१६ नोव्हेंबर

गुडघ्यापर्यंत झालंय. काय पाय केलेत बाईनं! डाव्या पोटरीवर माझी शीर आहे, लहानपणी बाभळीचा काटा गेला होता तिथली, ती तशीच फुगलीय. मी ताईंना ती कधी दाखवली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, "मातीनंच धरली. मी फक्त हात फिरवला."

हात लावून बघितलं. माती ओली असली की गार लागते. ही कोमट होती. पत्रा तापतो त्यानं असेल.

आज माझ्या पोटऱ्यांत मुंग्या आल्या नाहीत. बरं वाटलं. इतकी वर्षं मला वाटायचं तो आजारच आहे.

१९ नोव्हेंबर

आज ताईंशी बराच वेळ बोललो. त्यांचं पहिलं गाजलेलं काम गंगाधरकाकांच्या जोडीनं केलेलं, 'हात'. ते आता परदेशात कुठल्यातरी संग्रहालयात आहे. काचेत ठेवलंय, तरी तिथले लोक पत्र पाठवतात म्हणे, की आज बोटं कालच्यासारखी नव्हती. ताई हे हसत सांगतात. मग राहीबाईंचा 'गळा'. तो ताईंनी विकला नाही.

मी विचारलं, "काकांनी परत काय केलं न्हाई?"

"त्यांना आता करावंसं वाटत नाही."

"आणि तुमी सगळ्यांचं कायबाय घालता मातीत. तुमचं काय घालता?"

ताई हातातली माती दाबत राहिल्या. म्हणाल्या, "माझं पहिल्याच कामात गेलं. माझ्या गुरूंबरोबर केलं होतं ते."

"काय गेलं?"

"आठवत नाही," म्हणाल्या. "म्हणून तर चाललंय."

आणि मग मला चहा दिला, स्वतः उठून. फार चांगली बाई आहे. कुणालाच वाऱ्यावर सोडत नाही. काकांना, राहीबाईंना, दोघांना जन्मभराचं घर दिलंय. मला म्हणाल्या, "तुझ्यासाठीही एक खोली आहे, कधीही." मी म्हणालो मला खोलीचं काय करायचंय. पण खोली बघून आलो. खिडकीतून नदी दिसते. वाईट नाही.

२४ नोव्हेंबर

सूत तुटतंय. चाती दोन फेरे घेते आणि धागा सुटतो. लोकर वाईट नाही, हात तोच आहे. ताई म्हणाल्या, "राहू दे, दोरी पुरली." मग चाती खिडकीत ठेवली. दुपारी चालून झाल्यावर काकांजवळ फाटकावर बसलो. इतका वेळ मी कधी कुणाजवळ बसलो नसेन. काकांचे हात मांडीवर असतात, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. जेवताना राहीबाई भाकरी कुस्करून देतात तेव्हा ते उचलतात.

"काका, करमतं का हितं?"

"लय शांत वाटतं बघ. आदी हात सारखं वळवळायचं. झोपंतबी कायतरी वळायचं. आता न्हाई तरास."

मला त्यांचं पटलं. मीही उगाच वळवळत होतो आयुष्यभर. कुठं पोचलो?

पण मग आबा आठवले आणि उठलो. पाच तारीख. जायचंच आहे.

२९ नोव्हेंबर

सकाळी गाळावरून चाललो. ताई मागनं थांबल्या. "बिरू, ठसा नीट येत नाहीये. दाबून चाल."

दाबून चाललो.

"अजून."

मी मागं वळून बघितलं. गाळ ओला होता, सकाळचं बगळ्याचं पाऊलही त्यात स्वच्छ दिसत होतं. माझ्या जागी फक्त थोडी चकाकी होती, पाण्याचं बोट फिरवल्यासारखी. मी म्हणालो, गाळ कडक झाला असेल. ताई म्हणाल्या, "असेल." घमेलं रिकामंच घेऊन आलो. त्या म्हणाल्या आता लागणार नाही, पुरेसं झालं. खुरपं गाळातच विसरल्या. दमल्या असतील.

आत आलो तर गंगाधरकाका शिल्पाच्या घोट्याला दावं बांधत होते, दुसरं टोक खांबाला. कसं बांधलं त्या हातांनी कळत नाही, दातानं गाठ ओढत होते.

"कशाला वो बांधलं?"

"आसू दे."

"मातीचं हाय ते, काका. पळतंय काय?"

काकांनी माझ्या पायाकडं बघितलं, मग त्या पायांकडं. म्हणाले, "आसू दे म्हनलं ना."

राहीबाई दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बिरू, आजच जा. पाच तारकंची वाट बगू नगं. पिशवी घे आन् जा आबांकडं."

"मावशी, ट्रक हाय की पाच तारखेला. बसून जाईन. चालत कोन जातंय?"

हे मी म्हणालो. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. इतकं रडण्यासारखं काय होतं?

२ डिसेंबर

आज काही नाही. नदी बघितली.

५ डिसेंबर

आज नीट लिहितो, कारण आबा भेटले.

सकाळी शिल्प ट्रकमध्ये चढवलं. घोंगड्याचा खांदा, पुढं टाकलेलं पाऊल, सगळं दोरांनी बांधलं, वर ताडपत्री. मी केबिनमध्ये, मध्ये ताई, पलीकडं ड्रायव्हर. सातारा गेलं, नागठाणे गेलं. पूर्वी गाडीत बसलो की मला खिडकीबाहेर उडी मारावीशी वाटायची. आज मान टेकली आणि छान झोप लागली.

उंब्रजला पुलाच्या अलीकडं एका मोकळ्या रानात आमची मेंढरं होती. आबा धोंड्यावर बसले होते, गुडघ्याला फडकं. दादासोनं हाक मारली, "आला आला, म्होरक्या आला! काय गड्या, पॅंट लय भारी घातलीस!"

मी उतरलो आणि त्यांच्याकडं गेलो. मेंढरांनी मान वर केली नाही. आबा मला बघत नव्हते, मी ज्या जमिनीवरून आलो ती बघत होते. नांगरलेली मऊ जमीन होती. दादासोच्या चपलांचे ठसे होते, मेंढरांच्या खुरांचे होते.

आबा म्हणाले, "बिरू, परत चालून दाव."

"काय वो आबा?"

"चाल म्हनतो ना."

चाललो. आबांनी काठीनं माती उकरून बघितली. मग म्हणाले, "हाक मार मेंढरांस्नी."

मी हाक मारली. आमची नेहमीची, टाळूला जीभ लावून. एकही हललं नाही. दादासो हसला, "शहरात जाऊन आवाज बदलला ह्येचा." पण त्याचं हसू मध्येच थांबलं.

तेवढ्यात मागं ट्रकवर ताडपत्री फडफडली. वारा नव्हता. पुढची म्हातारी मेंढी उठली. तिच्या मागं दुसरी. मग सगळं रानच उठलं आणि माझ्या दोन्ही बाजूंनी, मला दगड चुकवतात तसं चुकवून, ट्रककडं गेलं. कोकरं ट्रकखाली शिरली. मेंढ्या मागच्या फळीला नाकं लावून उभ्या राहिल्या.

आबा लंगडत तिकडं गेले. कुणाला न विचारता ताडपत्री वर केली. बराच वेळ आत बघत होते. मग हात आत घालून त्या मातीच्या पोटरीवरून फिरवला, डाव्या, काट्याच्या जागेवरून. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पाठ दिसली.

"बाई," आबा म्हणाले, "ह्यो माजा पोरगा हाय."

ताई म्हणाल्या, "आबा, ते शिल्प आहे. तुमचा मुलगा तो बघा, तिथं आहे."

"त्यो बी हाय," आबा म्हणाले. "पर चालनारा ह्यो हाय. द्या माजा मला."

"ते सांगलीला ठरलंय. पाटीवर त्याचं नाव आहे, पहिलं." ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी त्याला काही कमी पडू देणार नाही. शपथ."

आबांनी नांगरटीतली मूठभर माती उचलली, ताईंपुढं धरली आणि खाली टाकली. मी चाललो होतो तिथली होती ती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रक हलला तशी मेंढरं सगळी मागं पळाली, सर्व्हिस रोडवरून, दादासो शिव्या देत आडवा पळतोय, गाड्या करकचून थांबतायत. पुलापाशी कशीबशी अडवली.

मला वाटलं आपणही पळावं. असं वाटलं एवढं आठवतं. पण आबांचा धोंडा ऊन लागून गरम झाला होता, मी त्याच्यावर बसलो होतो.

आबा आले. मला वाटलं काठी मारतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आपलं घोंगडं माझ्या मांडीवर टाकलं, आजारी माणसावर टाकतात तसं.

"बस हां, बाळा. ऊन तिरपं झालं की सावलीकडं सरक."

मग एका एस.टी.च्या कंडक्टरला, वाईला ह्याला नीट उतरवा म्हणून, दोन-तीनदा सांगितलं. मला लहान मुलासारखं धरून चढवलं. मी म्हणालो, आबा, मेंढरं इकू नका. आबा म्हणाले, "न्हाई इकत आता."

"पर म्होरं कोन चालनार?"

त्यांनी पुलापलीकडं, ट्रक गेला त्या दिशेला बघितलं.

१४ डिसेंबर

ताईंचा सांगलीहून फोन. शिल्पासमोर माणसं तासन्‌तास उभी राहतात. लहान मुलं त्याच्यासमोरून हटत नाहीत, मागं मागं चालायला बघतात. माझं नाव सगळे विचारतात. फक्त हॉलचा शिपाई भांडतोय. त्याचं म्हणणं, संध्याकाळी कुलूप लावतो आणि सकाळी उघडतो तर खाली लेंड्या पडलेल्या असतात, रोज झाडायच्या कुणी? ताईंनी शिल्पाचे पाय बघितले. टाचांना तांबडी माती आहे. "आपली काळी होती ना रे?" म्हणाल्या.

तांबडी माती कोकणात असते. मी तसं सांगितलं. ताईंनी कुणाला तरी दार लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तू बरा आहेस ना?"

मी छान आहे. राहीबाई खिडकीजवळ पाट मांडून देतात.

२१ डिसेंबर

दुपारी दादासोचा फोन. घाट गेल्या आठवड्यातच उतरले. एकही कोकरू दगावलं नाही. आबांचा गुडघा तसाच आहे, पण मागनं चालायला काही वाटत नाही म्हणतात.

"मागनं? मग म्होरं कोन हाय?" मी विचारलं.

"त्येच तर. म्होरं कुनीच न्हाई. पर मेंढरं कुनाच्यातरी मागं चालल्यागत रांगंत चालत्यात. वळनावर आपापली वळत्यात. आन् आबा हाका मारतोय सारखा, बिरू हळू, बिरू डावीकडनं." त्यानं आवाज खाली घेतला. "आबाला कमी दिसतं म्हनावं तर मग वाटंवर ठसं कुनाचं हाईत? आनवानी पायाचं. मी मापून बगितलं, गड्या. तुजंच हाईत."

मी म्हणालो, आबांचं वय झालं, तू तरी नीट वाग.

"बिरू," तो म्हणाला, "खरं सांग. तू कुटं हाईस?"

"हितं. खिडकीत."

 मागं घंटा वाजत होत्या, खूप खुरांचा आवाज होता. त्यातनं आबांची हाक आली, "बिरू, थांब रं, कोकरं मागं राह्यली!"

सगळ्या घंटा एकदम थांबल्या. थोडा वेळ फक्त वारा होता. मग परत सुरू झाल्या आणि लांब जायला लागल्या, आणि दादासो फोन न ठेवताच त्यांच्या मागं पळाला. मी ऐकत बसलो, ऐकू येत होतं तोवर.